चौथी चिमणी

सोनारीत माणसाला कुठलाही नाद असलेला चालतो, फक्त तो लोकांना कळला पाहिजे. बैलांचा नाद कळतो. तालमीचा कळतो. भजनाचा, पत्त्यांचा, ग्रामपंचायतीचा, अगदी कोर्टकचेरीचाही कळतो. वीतभर बांधासाठी पिढ्यान्‌पिढ्या तारखा करणाऱ्याला गाव मानानं ‘जिद्दीचा माणूस’ म्हणतं. पण आगबोटींची सचित्र पुस्तकं जमवणाऱ्याला काय म्हणायचं, हे गावानं अजून ठरवलेलं नाही. सध्या ‘त्यांचं जरा बोटीचं हाय’ एवढ्यावर भागवतात. ते सांगताना आवाज असा खाली आणतात, की नव्या पाहुण्याला वाटावं, बीपी-शुगरसारखं काहीतरी घराण्यात चालत आलेलं आहे.

आधी सोनारी कुठं ते सांगतो. तालुका परांडा, जिल्हा धाराशिव. गाव काळभैरवनाथाचं, चैत्रात यात्रा आणि रथ, बाकी वर्षभर माकडं. समुद्र म्हणाल तर मुंबईचा, रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटर तरी. जवळचं मोठं पाणी म्हणजे सीना-कोळेगावचं धरण, तेही पावसानं मनावर घेतलं तर. नौकानयनाचा आमचा परंपरागत अनुभव गुळाच्या काहिलीपुरता आहे: सीनेला पूर आला की काहिलीत बसून पैलतीर गाठायचा. तीत पहिला वर्ग, दुसरा वर्ग असं काही नसतं. मधोमध बसणाऱ्याचं धोतर कोरडं राहतं, एवढाच काय तो मान.

लोक विचारतात, ‘समुद्र नाय, खाडी नाय, आन्‌ बोटीचा नाद कसा लागला?’ मला तर उलटच वाटतं. कोकणातल्या माणसाला हा नाद लागणं अवघड. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून निघून बंदर येईपर्यंत ज्यानं आईच्या मांडीवर ओकाऱ्या काढल्या, ज्याच्या घरात १९४७ साली बुडालेल्या ‘रामदास’ बोटीचं नाव अजून जपून घेतात, त्याला बोटीच्या चित्राचं कौतुक कुठून असणार? त्याला बोट कळलेली असते. प्रेम टिकायचं तर मधे साडेतीनशे किलोमीटर असलेले बरे.

माझ्या बोटीही कुठल्याही नाहीत. मालवाहू मी घेत नाही, लढाऊ तर उंबऱ्याच्या आत घेत नाही. विमानं रुळायच्या आधी वेळापत्रकानं समुद्र ओलांडणाऱ्या त्या मोठ्या प्रवासी बोटी, वर साहेब-मडमा आणि पियानो, खाली टपालाच्या थैल्या आणि पोटासाठी परमुलखाला निघालेली माणसं, त्या माझ्या. टायटॅनिक सगळ्यांना ठाऊक असते, कारण ती १९९७ साली सिनेमात आली. पण मॉरेटानिया, नॉर्मंडी, क्वीन मेरी, पी अँड ओ कंपनीच्या पांढऱ्याशुभ्र ‘स्ट्रॅथ’ बोटी यांची ओळख परांडा तालुक्यात माझ्या घराबाहेर कुठं आहे असं मला वाटत नाही. विल्यम मिलर यांची काळ्या-पांढऱ्या फोटोंची पुस्तकं माझ्याकडं आहेत. जॉन मॅक्स्टन-ग्रॅहॅम यांचं १९७२ सालचं ‘दि ओन्ली वे टू क्रॉस’ आहे. केन मार्शल यांच्या चित्रांनी भरलेला १९९२ चा टायटॅनिकचा ग्रंथ आहे. आणि त्याच वर्षीचं स्टीफन बीस्टी यांचं, ज्यात क्वीन मेरी शेंड्यापासून बुडख्यापर्यंत चिरून आतलं सगळं दाखवलंय, तेही आहे. काही फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून आणली, काही पुण्याच्या जुन्या बाजारातून. हल्ली मोबाइलवरून मागवतो. पुस्तक दोन-तीन किलोचं असतं. कुरिअरवाला पोरगा परांड्यातूनच फोन करतो, ‘काका, तुमची फरशी आलीय, कुनाला तरी पाठवा.’

पुस्तकाच्या किमती आमच्या घरात दोन असतात, खरी आणि सांगायची. सांगायची मी ठरवतो. मंडळी ती शांतपणे ऐकून घेते, मनातल्या मनात चारानं गुणते, आणि उत्तर खऱ्या किमतीच्या दहा-वीस रुपये इकडंतिकडं येतं. सोसायटीत हयातभर हिशेब मी लिहिले, पण ऑडिट घरात होतं.

भंगारवाल्याचं गणित आणखी सरळ आहे. तो दर महिन्याला फाटकातून आत डोकावतो आणि फळीकडं बघून म्हणतो, ‘मालक, जाड कागद हाय, दर चांगला दीन.’ एकदा मी त्याला फ्रान्स बोटीची गोष्ट सांगितली. तीनशे सोळा मीटर लांब, १९६२ साली पहिल्या सफरीला निघाली तेव्हा जगातली सगळ्यात लांब प्रवासी बोट. पुढं ती नॉर्वे झाली, शेवटी ब्लू लेडी झाली, आणि २००६ मध्ये गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आली. ॲस्बेस्टॉसवरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मग गॅसकटरनं तिचे तुकडे झाले. माझी कल्पना, त्याला वाईट वाटेल. तो म्हणाला, ‘मंजे बोट किलोवर जाती, आन्‌ तिचा फोटू तुमी किलोवर द्यायला तयार न्हाय!’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तो उत्तर न्यायला दर महिन्याला येतो.

पुस्तकं सांभाळणं हा सोनारीत स्वतंत्र उद्योग आहे. कसर आहे, वाळवी आहे, धूळ आहे, आणि घर माळवदाचं आहे. मृगाच्या आधी वर पांढरी माती टाकून चोपून घ्यावी लागते. ज्या वर्षी ते राहतं त्या वर्षी पाऊस आमच्या तालुक्याला चुकवून माझ्या फळीवर येतो. एकदा त्यानं नेम धरून नॉर्मंडी निवडली. आता नॉर्मंडीचा इतिहास असा: १९३५ ची फ्रेंच बोट, डामडौलात तिच्यासारखी दुसरी नाही असं माझी सगळी पुस्तकं एकमुखानं सांगतात. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर तिची सैनिकी बोट करायचं काम चालू होतं. गॅसकटरची ठिणगी लाइफ जॅकेटांच्या ढिगावर पडली. जॅकेटांत भरलेला होता सावरीचा कापूस. जीव वाचवायचं सामानच पेटलं. मग आगबंबांनी इतकं पाणी मारलं, की त्या पाण्याच्या वजनानं बोट कलंडली आणि धक्क्याला लागूनच आडवी झाली. समुद्रानं काही केलं नव्हतं. सोनारीत तर तिला बंबही लागला नाही.

मी पानापानांत वर्तमानपत्र घालून, वर पाटा-वरवंटा ठेवून तिला वाळवत बसलो होतो, तेव्हा आंबेडकर जयंतीच्या भाषणांत दरसाल ऐकलेलं आठवलं. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं येत होती. ती जर्मन पाणबुडीनं बुडवली. लोक ती गोष्ट ऐकून जर्मनांवर रागावतात. माझ्यासारख्याच्या मनात दुसरंच येतं: त्यात काय काय होतं, त्याची यादी कुणाकडं असेल का?

नॉर्मंडी वाळत घातली तीच चूक झाली असं घरचे म्हणतात, कारण तिच्या शेजारी क्वीन मेरीही उन्हात ठेवली होती. आमची माकडं नाथाची. त्यांना कुणी दगड मारत नाही, शिवी देताना सुद्धा माणूस देवळाकडं पाठ करतो. आमच्याच जिल्ह्यात उपळ्याला माकडांच्या नावावर ३२ एकर जमीन कागदोपत्री लागलेली आहे, तेव्हा त्यांच्याशी वाद घालताना आपण खातेदाराशी बोलतोय हे विसरून चालत नाही. एक लेकुरवाळी माकडीण आली, बीस्टींचं पुस्तक बगलेत मारलं आणि शेजारच्या माळवदावर जाऊन बसली. तिनं ते उलटं धरलं नव्हतं, हे मी आवर्जून नोंदवतो. माझ्याकडं येणारे निम्मे पाहुणे उलटं धरतात. तिनं मधली लांबलचक घडीही बरोबर उलगडली. क्वीन मेरी माळवदाच्या कडेवरून खाली लोंबली, गल्ली गोळा झाली, आणि मी पसाभर शेंगा दाखवत पहिल्या वर्गाच्या जेवणघराकडं बघून हात जोडत उभा. शेंगा घेऊन तिनं पुस्तक टाकलं, पण पहिल्या वर्गाचं जेवणघर ठेवून घेतलं. खालच्या वर्गाला, बॉयलरला, कोळशाला तिनं हातही लावला नव्हता.

गावातल्या लोकांना ही पुस्तकं दाखवायचा मात्र मला कंटाळा नाही. साहेबाच्या देशात ती बघणारे काय बघत असतील कोण जाणे. झुंबरं बघत असतील, जिने बघत असतील. आमच्याकडं जो येतो तो आपल्या धंद्याचं बघतो. सुताराला मी क्वीन मेरी दाखवली. १९३६ ची बोट, आत पन्नासहून जास्त जातींची लाकडं वापरलेली. त्यानं प्रत्येक फोटोवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘बाभळ हाय का?’ नाही म्हटल्यावर त्याचं बोटीवरचं मन उडालं. पण नंतर ‘युनायटेड स्टेट्स’ काढली तेव्हा तो उठूनच उभा राहिला. ही १९५२ ची बोट, वेगात सगळ्यांची बाप, पण तिच्या कर्त्याला आगीची एवढी धास्ती, की लाकूड म्हणून बोटीवर खाटकाचा ओंडका आणि पियानो, बस्स. सुतार म्हणाला, ‘असल्या घरात मी पानी बी प्यायचो न्हाय.’

पारावरच्या म्हाताऱ्यांना वजनाचं प्रेम. टायटॅनिकचा मधला नांगर पंधरा टनांच्या पुढचा, तो कारखान्यातून गाड्यावर घालून नेला तेव्हा वीस घोडे जुंपले होते, असा फोटोही आहे. हे मी मोठ्या हौसेनं सांगितलं. पारावर थोडी शांतता झाली. मग त्यातले वडीलधारे, आबा म्हणतात त्यांना, पान लावत लावत म्हणाले, ‘आपल्या परांड्याच्या किल्ल्यावर मुलूखमैदान तोफ हुती. पंचावन टनाची. ती विजापूरला न्हेली तवा चारशे बैल आन्‌ धा हत्ती लागले म्हनत्यात. १६३२ सालची गोष्ट. तवा रस्ता बी नव्हता.’ पान तोंडात गेलं. ‘आन्‌ तुमचा नांगर, वीस घोडी.’ त्या दिवसापासून पारावर टायटॅनिकला कुणी फारसं विचारत नाही.

तिला खरा जाणकार भेटला तो माझ्या मेव्हण्यात. तो भागातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. गळीत चालू असलं की तो लग्नाला येत नाही, मयताला येत नाही, आला तरी कान कारखान्याकडं असतो. एका दिवाळीत बहिणीकडं आला, जेवला, आणि मी त्याच्यापुढं टायटॅनिकचं एक जुनं रंगीत चित्र ठेवलं. चार चिमण्या, चारही चिमण्यांतून काळाभोर धूर. बाकीचे लोक हे चित्र बघून ‘वाऽ’ म्हणतात. मेव्हण्यानं चष्मा पुसला.

‘दाजी, बॉयलर किती?’

‘एकोणतीस.’

त्यानं चित्र खाली ठेवलं. एकोणतीस बॉयलर हा आकडा त्याच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरला. ‘भट्ट्या?’ एकशे एकोणसाठ. ‘जळण?’ कोळसा, दिवसाला सहाशे टनांच्या पुढं, आणि सगळा फावड्यानं. ‘आन्‌ राख?’

राखेचं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी शोधून काढलं: दिवसाला शंभरेक टन, ती पाण्याच्या जोरानं समुद्रात फेकत. मेव्हणा खिन्न हसला. ‘बरंय. कुनाच्या कुरडयावर पडत न्हाय.’ कारखान्याच्या वाऱ्याच्या बाजूला ज्यांची घरं आहेत, त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको.

मग त्यानं पुन्हा चित्र उचललं आणि बोट चौथ्या चिमणीवर ठेवलं. ‘हिच्याखाली काय हाय?’ मी बीस्टींचं पान उघडलं, ते क्वीन मेरीचं निघालं. मग टायटॅनिकचा उभा छेद काढला. पुढच्या तीन चिमण्या बॉयलरांच्या डोक्यावर. चौथीखाली बॉयलर नाही. ‘मंग धूर कुठनं काढला ह्यानं?’

आता यातलं खरं असं आहे. टायटॅनिकला आणि तिच्या बहिणींना तीन चिमण्या पुरत होत्या. पण त्या काळात चार चिमण्या म्हणजे जोरदार बोट अशी गिऱ्हाइकाची समजूत. म्हणून चौथी रुबाबासाठी बसवली. तिचा उपयोग इंजिनाकडची गरम हवा वर काढायला, आणि स्वयंपाकघराचा धूर सोडायला. जुन्या चित्रकारांपैकी कितीतरी जणांनी तिच्यातूनही इतरांइतकाच धूर रंगवून टाकलाय. मला हे माहीत होतं, कारण तळटीपेत वाचलं होतं. मेव्हण्यानं तळटीप न वाचता, नुसत्या धुरावरून ओळखलं. दाराशी मंडळी भांड्याला माती लावत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘मंजे चार चिमण्यांतली खोटी ती बायांच्या चुलीला दिली.’ बोटीवरच्या स्वयंपाकघरात पुरुष आचारी असत, हे मी तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखी ती वेळ नव्हती.

मंडळीचे बोटीबद्दलचे प्रश्न मुळातच वेगळे. टायटॅनिकवर पोहायचा हौद होता, साधारण ३० फूट बाय १४ फूट. तिनं खोली विचारली, हातानं हवेत मापली आणि म्हणाली, ‘पाच-सहा टँकर.’ समुद्राचंच पाणी भरत म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं. पण एक प्रश्न ती प्रत्येक पुस्तकाला विचारते. भोजनगृहाचा दुपानी फोटो असो, हजार माणसांच्या पंगतीची मांडणी असो, ताटाभोवती सहा-सहा चमचे असोत, ती म्हणते, ‘ह्ये घासतं कोण?’

सुरुवातीला मला हे अडाणीपणाचं वाटलं. नंतर मी पुस्तकं त्या डोळ्यानं चाळायला लागलो आणि माझी पंचाईत झाली. झुंबर कुठल्या कारखान्याचं, ते लिहिलेलं असतं. भिंतीवरचं चित्र कुणी काढलं, गालिचा कुठं विणला, कॅप्टनची मिशी कशी होती, सगळं. घासणारा नाही. पी अँड ओच्या एका पुस्तकात डेकवर खुर्च्या टाकून बसलेल्या साहेबांचा फोटो आहे, आणि अगदी कडेला, निम्मा कापला गेलेला, एक अनवाणी माणूस आहे. डोक्याला मुंडासं, कमरेला लाल पट्टा, हातात बादली. खाली ओळीत बसलेल्या सगळ्या साहेबांची नावं आहेत. बादलीवाल्याचं नाव ना गाव.

आणि हा बादलीवाला बहुधा आपलाच. पी अँड ओच्या मुंबईच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे आणि गुजरातेतले, भट्टीपुढचे आगवाले पंजाब-सरहद्दीकडचे, आणि सलूनमधे वाढणारे, आवरणारे, घासणारे गोव्याचे. त्यांच्या वर सारंग आणि टंडेल. गोव्याच्या खलाश्यांच्या गावोगावच्या कुडी मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला होत्या. बोट लागली की तिथं उतरायचं, पुढची मिळेपर्यंत तिथंच राहायचं. हे मंडळीला सांगितलं तेव्हा तिचं समाधान झालं. ‘मंग तसं लिवा की,’ ती म्हणाली. मी म्हटलं, पुस्तक माझं नाही. ‘विकत घेतलंय न्हवं?’ तेव्हापासून माझ्या पी अँड ओच्या पुस्तकात त्या फोटोखाली पेन्सिलीनं एक ओळ आहे: ‘बादली धरलेले, बहुधा रत्नागिरीकर.’

मास्तरांचं मात्र वेगळंच. त्यांना छापील पुस्तकातला अन्याय सहन होत नाही. ‘मोरिया’ बोटीचं पान त्यांना मी दाखवलं ते चांगल्या हेतूनं. १९०८ ची बोट, टनेज दिलंय, डौल दिलाय, पुढं युद्धात काय काम केलं ते दिलंय. ८ जुलै १९१० ला मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी हिच्याच गवाक्षातून उडी मारली, याबद्दल अक्षर नाही. मास्तर तापले. पण ते गणिताचे, त्यामुळे ताप लगेच मोजमापात उतरला. गवाक्षाचा व्यास किती? पुस्तकात नाही. मग फोटोत गवाक्षाशेजारी एक माणूस उभा आहे, त्याची उंची साडेपाच फूट धरून त्यांनी त्रैराशिक मांडलं, आलेल्या मापाचं वर्तुळ ओसरीच्या भिंतीवर खडूनं काढलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्यात उभं करून खांदे मोजायला लागले. पोरं मावत होती. मी कडेनं अडत होतो. तालमीतला पैलवान आला, त्यानं एकदा वर्तुळाकडं बघितलं, एकदा आपल्या खांद्यांकडं, आणि म्हणाला, ‘मास्तर, मला अंदमानच बरं.’ वर्तुळ अजून भिंतीवर आहे. दिवाळीत रंग देताना मंडळीनं ते वाचवलं नाही, रंगच तिथं कमी पडला.

गावानं मला पूर्ण वाया गेलेला धरू नये म्हणून मी अलीकडं एक गोष्ट पुढं करतो, आणि ती खरी आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद. घरचा धंदा सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी केली आणि रेल्वेची कंत्राटं घ्यायला लागले. सुरुवातीचं काम कुठलं, तर आपल्या बार्शी लाइटचं, इकडं तडवळ्याच्या बाजूच्या मार्गाचं. बार्शी लाइट म्हणजे अडीच फुटी रूळ, १८९७ सालापासूनची गाडी. चढाला लागली की माणसं उतरून चालत, चालता चालता शेजारच्या रानातला हरभरा उपटत आणि पुढं जाऊन परत चढत. ज्यांनी हे रूळ टाकले त्या माणसानं १९१९ साली, नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर सिंधिया कंपनी काढून अख्खी आगबोट विकत घेतली. नाव ‘लॉयल्टी’. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. दरसाल ५ एप्रिलला देशात सागरी दिन पाळतात तो तिच्यामुळं. हे ऐकल्यावर लोक जरा सावरून बसतात. बार्शीपर्यंत गोष्ट आली की ती बाहेरची राहत नाही. एकानं तर विचारलं, ‘मंग बार्शीला थांबत हुती का?’

पण लॉयल्टीचा चांगला फोटो माझ्या एकाही पुस्तकात नाही. म्हणजे आहे आणि नाही. ही बोट मूळची १८९१ ची, नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, पॅसिफिकवरून व्हँकुव्हर आणि हाँगकाँगच्या मधे ये-जा करणारी, पांढरी, पुढं टोकदार नाक असलेली, सहा हजार टनांना थोडीशी कमी. त्या नावानं तिचे फोटो पुष्कळ आहेत: चहापानाचे, डेकवरचे, धक्क्याला लागलेले. १९१४ मध्ये ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धात जखमींसाठी घेतली, तिचं नाव बदललं, आणि तिथं पुस्तकवाल्यांचा कॅमेरा बंद होतो. पुढं एक ओळ: हिंदुस्थानी राजाला विकली, १९२३ मध्ये मुंबईत मोडीत काढली. सासरी गेलेल्या मुलीचं माहेरच्या वहीत नाव थांबावं, तसा हा प्रकार. वालचंदांचा पत्ता नाही, लंडनच्या सफरीचा नाही. मी तिथं पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्यात. जागा कमी पडली तेव्हा त्या समासातून वर नेल्या, आणि आता चहा पिणाऱ्या मडमांच्या डोक्यावरून बार्शी लाइट गेलेली आहे.

मास्तर म्हणतात, ही पुस्तकं आता विकायला काढली तर पेन्सिलीमुळं किंमत निम्म्यावर येईल. जमवणारे लोक स्वच्छ प्रत मागतात, हे मलाही ठाऊक आहे. परदेशातले शौकीन पुस्तकाच्या वेष्टणाचा कोपरा दुमडला तरी हळहळतात. त्यांनी एकदा सोनारीत यावं, आमच्या मंडळीच्या समोर पुस्तक उघडून बसावं आणि ‘ह्ये घासतं कोण’ला उत्तर द्यावं, मग वेष्टणाचं बोलू.

सध्या माझा संग्रह असा विभागलेला आहे. क्वीन मेरी सुताराकडं आहे. बाभळ नाही हे पटलेलं असूनही तो तिच्या एका जिन्यावरून कुणाच्यातरी बंगल्याचा कठडा करतोय. मोरिया मास्तरांकडं. नॉर्मंडी घरी, पाटा काढला की अजून थोडी फुगते. आणि टायटॅनिक मेव्हण्यानं कारखान्यावर नेलीय. तिथं बॉयलरहाउसमधे पाळीवरची पोरं ती पाळीपाळीनं बघतात. त्यानं चौथ्या चिमणीवरचा धूर खोडून ठेवलाय, पांढरा रंग लावून, न विचारता. शिवाय सहाशे टनांत किती बगॅस बसेल याचं गणित मागच्या कोऱ्या पानावर मांडलंय, बॉलपेननं. पुस्तक परत मागितलं की एकच उत्तर असतं, ‘दाजी, तेवढं गळीत संपू द्या.’ यंदा ऊस भरपूर आहे.